भातातला खडा

आत्ती मंडईला निघाल्या की कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत त्यांचं बोलणं ऐकू यायचं. वाटेत भेटेल त्याची चौकशी केल्याशिवाय ही बाई पुढे सरकत नसे. आवाज बंद झाला की मी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे, जुन्या धोतराचं फडकं जमिनीवर अंथरायचे आणि त्यांनी नुकतेच निवडून ठेवलेले तांदूळ त्यावर ओतायचे. परातीत ओतले तर वाजतात. सुपात पाखडले तर शेजारच्या तानूबाईला ऐकू जातं. फडक्यावर आवाज होत नाही.

त्या सकाळी नऊ खडे निघाले होते आणि दहावा बोटांत होता, तेवढ्यात ओसरीवरून हाक आली.

"मालन, दार का लोटलंयस गं?"

"मांजर येतंय, आत्ती!"

"आपल्या गल्लीत मांजर कुठलं आलं नवीन? पिशवी विसरले बघ. दे आणून."

फडक्याची चारही टोकं धरून मी तांदूळ डब्यात सोडले आणि खडे मुठीत घेतले. पिशवी दिली, तशीच मागच्या दारी गेले. तुळशीच्या कुंडीत बोट खुपसून खळगा केला आणि दहाही खडे त्यात पुरले. रोज तिथेच पुरायचे. केरात टाकून चालणार नव्हतं, कारण केर आत्ती काढायच्या आणि त्या अनवाणी असायच्या. पायाला एक जरी खडा लागला असता तरी त्यांनी तो उचलून बघितला असता.

या गोष्टीला आता बत्तीस वर्षं झाली. तेव्हा माझ्या या चोरीला चार महिने झाले होते.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, गौराबाई. मिरजेत स्टेशनच्या रस्त्याला त्यांची खानावळ होती. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कोकणातून, कर्नाटकातून लोक पेशंट घेऊन यायचे. पेशंट तिकडे खाटेवर आणि त्याच्या नात्यातली चार माणसं इकडे आमच्या पाटावर. दुपारी साठ-सत्तर पानं उठायची. ओसरीवर पत्र्याची एक पाटी होती, माझ्या सासऱ्यांनी जायच्या आधी रंगवून घेतलेली: 'भातात खडा दाखवा, जेवण फुकट.' मी लग्न होऊन आले तेव्हा त्या पाटीला अकरा वर्षं झाली होती आणि एकही जेवण फुकट गेलं नव्हतं. नंतरही आठ वर्षं गेलं नाही.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी हौसेने खुंटीवरचं सूप काढलं. म्हटलं, आपणही चार दाणे निवडू. आत्तींनी ते माझ्या हातातून हलकेच काढून घेतलं.

"सूप मागायचं नसतं, मालन. मी देईन तवा घ्यायचं. माझ्या सासूनं मला मरायच्या आदल्या दिवशी दिलं."

हसत म्हणाल्या, पण बाईच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. त्या घरात भाकरी कुणीही थापावी, आमटीला फोडणी कुणीही द्यावी, पण सूप जिच्या हातात तिचं घर. आमच्याच गल्लीतल्या नागव्वाच्या सुनेनं चार बायकांदेखत "तुम्हाला आता दिसत नाही" म्हणून तिच्या हातातलं सूप ओढून घेतलं होतं. नागव्वा त्या दिवशी आमच्या ओसरीवर येऊन बसली ती संध्याकाळपर्यंत. पाणीसुद्धा घेतलं नाही तिनं. ही हकिगत आत्तींनी मला दोनदा सांगितली होती.

मला धाक म्हणून नाही सांगितली. आत्तींचा मला धाक नव्हता. मी आईविना वाढलेली पोर. दर शुक्रवारी त्या मला पुढ्यात बसवून केसांना तेल लावायच्या. माझी दोन गर्भारपणं अर्ध्यावर गेली तेव्हा नणंद बोलायला लागली, तर आत्तींनी तिला जेवत्या ताटावरून उठवलं होतं. माझा नवरा बसवराज टेंपोवर असायचा, चार चार दिवस बाहेर. माझ्या बाजूनं भांडणारी जगात एकच बाई होती.

त्यांना साखरेचा त्रास होता, सात वर्षं. गोळी आठवली तर घ्यायच्या. सकाळी बिनसाखरेचा चहा मोठ्या धीरानं प्यायच्या आणि दहा वाजता देवळात जाऊन पेढा खाऊन यायच्या. प्रसादाची साखर अंगाला लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पहिला खडा माझ्याच ताटात निघाला. सगळी पानं उठल्यावर आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवायचो. कचकन आवाज झाला.

"काय गं?"

"दात दुखतोय, आत्ती."

मी तो खडा तसाच गिळला. दुसऱ्या दिवशी त्या मंडईला गेल्यावर सहज म्हणून तांदूळ पसरून बघितले, तर तीन निघाले. तीन खडे म्हणजे तीन माणसं हात वर करणार आणि ओसरीवरची पाटी उतरणार. मी ते काढले आणि गप्प बसले. त्यानंतर रोजचंच झालं.

आत्तींना शंका आलीच नाही असं नाही. अधूनमधून म्हणायच्या, "ऊन कमी पडाय लागलंय ओसरीवर." एकदा स्टेशनसमोरच्या चष्मेवाल्याकडून नवा चष्माही घेऊन आल्या. पण दुपारी साठ माणसं जेवून उठायची आणि कुणाच्या दाताखाली काही यायचं नाही. मग त्या समाधानानं चष्मा पुसून डबीत ठेवायच्या.

*

डॉक्टर खातू गुहागरकडचा. अजून शिकतच होता, डोळ्यांच्या दवाखान्यात. अंगानं काडी, पण भात तीनदा घ्यायचा. आमच्याकडच्या भाकरीला हात लावायच्या आधी तिच्याकडे असा बघायचा की आत्तींना हसू फुटायचं. "कोकण्या, चावती का रं भाकरी?" असं रोज विचारायच्या.

एका दुपारी आत्ती त्याला आमटी वाढत होत्या. ती वाटीत पडली नाही. वाटीच्या शेजारी, भातावर पडली.

"अगाई, धक्का लागला बघ," आत्ती म्हणाल्या.

त्यांना धक्का कुणीच दिला नव्हता. खातूनं वर बघितलं.

"मावशी, साखर किती वर्षं आहे तुम्हाला?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. परवा पेढा खाताना."

पंगतीत हशा झाला. आत्तीही हसल्या. "सात वर्षं झाली."

"डोळ्यांचा पडदा तपासलात कधी?"

"चष्मा हाय की मला."

"चष्म्याचं नाही बोलत मी. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला पडदा असतो. त्यावर केसाहून बारीक नसा असतात. साखरेनं त्या झिरपायला लागतात, मग कधीतरी फुटतात. दुखत नाही, खुपत नाही. तुम्हाला कळत नाही आणि बाहेरून बघून मलाही कळत नाही. दिसतंय तोवरच यायचं असतं, मावशी. दिसेनासं झाल्यावर आलात तर मी काय करू?" हात भातातच ठेवून तो बोलत होता. "थेंब घालून आत बघतो. अर्धा दिवस अंधुक दिसेल, बाकी काही नाही."

"अर्धा दिवस! आणि तांदूळ कोण निवडणार, तुझी आई?"

पुन्हा हशा. पण तो पोरगा हसला नाही. "मी थट्टा करत नाही," म्हणाला.

आत्तींना ते लागलं असावं. त्यांनी आमटीचं भांडं खाली ठेवलं आणि पाटीकडे बोट केलं.

"ती पाटी वाच. एकोणीस वर्षं झाली तिला. माझ्या डोळ्याला धाड भरली असती तर एवढ्या माणसांत एकाला तरी खडा लागला असता का न्हाई? तूच सांग." मग एकदम खुशीत येऊन म्हणाल्या, "पैज लाव. म्हैनाभर हितं जेव. एक खडा दाखव मला. सापडला तर त्याच पावली तुझ्या दवाखान्यात येते, मग थेंब घाल न्हाईतर रॉकेल घाल. न्हाई सापडला तर पुन्हा माझ्या डोळ्याचं नाव काढायचं न्हाई."

"एकच खडा?"

"एकच."

"ठरलं," खातू म्हणाला आणि तिथल्या तिथं बोटानं भात चाळायला लागला.

मी दारात भाताचं पातेलं घेऊन उभी होते. त्या दिवशी सकाळी मी चौदा खडे पुरले होते. खोटं कशाला बोलू, मला आत कुठेतरी बरं वाटलं. मला काही बोलावं लागणार नव्हतं. सूप मागावं लागणार नव्हतं. एक दिवस तांदूळ फडक्यावर ओतायचे नाहीत, एवढंच करायचं होतं. बाकी सगळं त्या कोकण्या पोरानं केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं, आज नाही निवडायचे. तेवढ्यात निरोप आला की दुपारी विजापूरची वीस माणसं येणार आहेत. म्हटलं, परक्या माणसांपुढं नको, उद्या. उद्या अमावास्या होती. परवा नणंद आली होती. तिच्यासमोर पाटी उतरली असती तर ती आयुष्यभर बोलली असती. असे दिवस गेले.

पंगतीला तर खेळच सापडला होता. खातू बसला की शेजारचा विचारायचा, "काय डॉक्टर, लागला का हाताला?" आत्ती कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. इतक्या आनंदात मी त्यांना बघितलं नव्हतं. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायच्या, "डोळ्याचा डॉक्टर हाय, पण माझ्या भातात त्याला काय दिसंना." आणि मी रोज सकाळी दार लोटून घेत होते.

हे आजवर मी कुणाला बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. मी हे सगळं आत्तींच्या अब्रूसाठी केलं असं म्हणते, ते खरंच आहे. पण पुरतं खरं नाही. मला मूल नव्हतं, माहेर नव्हतं, त्या घरात माझं म्हणून काही नव्हतं. ही एकच गोष्ट माझी होती. पंगतीतल्या हशामागं, त्या पाटीमागं मी आहे, हे फक्त मला ठाऊक होतं. ते मला आवडायला लागलं होतं.

शेवटचा दिवस शनिवार होता. त्या सकाळी मी नेहमीसारखे खडे काढले, पण एक बाजूला ठेवला. पांढरी गार होती, गारगोटीचा खडा, दाण्याएवढी, दाण्याच्याच रंगाची. मी ठरवलं की हा खातूच्या ताटात टाकायचा. मीच टाकायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या दाताखाली जायला नको.

आत्तींनी मुद्दाम हिरवं इरकल नेसलं होतं. पैज जिंकणारच म्हणून सगळ्यांना शिरा होता. खातू बसला. मी उजव्या हातात भाताचा डाव घेतला. डाव्या हाताची मूठ मिटलेली होती आणि तिच्यात ती गार होती. त्याच्यासमोर वाकले. एवढंच करायचं होतं, डावाला डावा हात लावायचा आणि मूठ सैल सोडायची.

तेवढ्यात आत्ती माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यांनी.

"वाढ, मालन, भरपूर वाढ. पोरगं आज हरणार हाय, निदान पोटभर जेवू दे."

मी भात वाढला. मूठ उघडली नाही.

खातूनं शेवटचा घास खाल्ला आणि दोन्ही हात जोडले. "हरलो, मावशी." पंगतीनं टाळ्या वाजवल्या. आत्तींनी त्याच्या ताटात शिऱ्याचा डोंगर वाढला.

मोरीवर हात धुवायला मी त्याला पाणी दिलं. तो हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, खरं सांगा. मावशींना नीट दिसतं ना?"

गार अजून माझ्या डाव्या मुठीत होती. घामानं चिकटली होती.

"खडा सापडला का कुणाला?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

त्यानं माझ्याकडं क्षणभर बघितलं आणि मान हलवली. पुढच्या महिन्यात त्याचं शिक्षण संपलं आणि तो गावी गेला. जाताना आत्तींच्या पाया पडला, त्यांनी त्याला तांदळाचे लाडू बांधून दिले. ते तांदूळही मी पुन्हा निवडले होते.

*

सहा महिन्यांनी, चैत्रातली सकाळ होती. आत्ती ओसरीवर सूप घेऊन बसल्या होत्या. मी भाकरीचं पीठ मळत होते. त्या सारख्या सुपावरून हात फिरवत होत्या, माशी हाकलावी तसा.

"मालन, सुपात कोळ्यानं जाळं केलंय बघ. काढ जरा. माझ्या हाताला लागंना."

मी जाऊन बघितलं. सुपात तांदूळ होते. बाकी काही नव्हतं.

"कुठाय, आत्ती?"

"हे काय, काळे दोरे. हिकडं सरकालेत." त्यांनी मान वळवली. "आता भिंतीवर आले."

त्या भिंतीवर हात फिरवायला लागल्या. मला खातूचं सगळं बोलणं आठवलं, शब्दन् शब्द.

दुपारपर्यंत उजव्या डोळ्यापुढं नुसता लाल-काळा पडदा आला. बसवराज टेंपो घेऊन आला तसा आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. ज्या दवाखान्यासाठी लोक तीनशे मैलांवरून यायचे आणि आमच्याकडं जेवायचे, तिथं आम्ही सात वर्षांत एकदाही पाऊल टाकलं नव्हतं.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत बराच वेळ बघितलं. मग आम्हाला समोर बसवलं. उजव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं आणि पडदा ओढला जाऊन सुटला होता. डाव्याच्या पडद्यालाही मधोमध सूज होती, जुनी, वर्षाच्या वरची. लेझर करू म्हणाल्या, पण आहे तेवढं टिकलं तर नशीब समजा.

"डाव्या डोळ्यानं बारीक दिसायला कधीपासून कमी आलं, आजी?"

"न्हाई हो बाई," आत्ती म्हणाल्या. डोळ्यांवर कापसाच्या घड्या होत्या, तरी ताठ बसल्या होत्या. "परवापरवापर्यंत तांदूळ निवडत होते मी. सहा किलो रोज. तुमचाच एक डॉक्टर म्हैनाभर खडा हुडकत होता माझ्या भातात. त्याला विचारा की. एक सापडला न्हाई."

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. त्यांना ते पटलं नव्हतं, दिसत होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"घरात कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं?"

बसवराजही माझ्याकडं बघायला लागला. मी फरशीकडं बघत म्हटलं, "नाही."

लेझर झालं, दोनदा. श्रावणापर्यंत डाव्या डोळ्याला माणसाचा आकार कळायचा. दसऱ्याला तोही गेला. उजेड कुठल्या बाजूला आहे एवढं समजायचं, बस. गोळ्या आता मी वेळेवर देत होते आणि त्या निमूट घेत होत्या. पेढा त्यांनी आपणहून सोडला. खानावळ चालू होती. मी तांदूळ ताटात घेऊन निवडायचे. सूप खुंटीवरच होतं. त्याला कुणी हात लावला नव्हता.

आत्ती रडल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "कसं गं एकदम असं झालं? काल दिसत होतं आणि आज न्हाई." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला वाटत होतं, आपल्याला देवानं आत्ता न्यावं.

*

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि कुंडीतली तुळस वाळून गेली होती. आत्ती म्हणाल्या, "नवं रोप लावते मी. बसून बसून हात आखडलेत. एवढं तरी करू दे मला."

मी त्यांना मागच्या दारी कुंडीजवळ बसवलं, खुरपं हातात दिलं, रोप उजव्या बाजूला ठेवलं आणि दोरीवर धुणं वाळत घालायला लागले. खरं सांगते, तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही. दोन-तीन लुगडी वाळत घालून झाली.

"मालन, ही माती कुठली आणलीस?"

"तीच आहे, आत्ती. जुनीच."

"खडे किती हाईत यात."

मी वळून बघितलं. त्यांनी खुरपं बाजूला ठेवलं होतं. बोटांनी माती चाळत होत्या, जशी सुपात चाळायच्या अगदी तशी, आणि निघेल तो खडा डाव्या तळव्यावर ठेवत होत्या. तळवा भरत आला होता. मग त्यांनी एक खडा उचलला, पदराला पुसला आणि दातांखाली धरला.

"हा तांदळातला," त्या म्हणाल्या.

माझ्या हातातलं ओलं लुगडं खाली पडलं. त्यांनी दुसरा खडा दातांखाली धरला. मग तिसरा.

"किती दिवसांचे हाईत?"

"वर्षाच्या वर झालं."

"रोज?"

"रोज. तुम्ही मंडईला गेल्यावर."

"आधी किती निघायचे?"

"दोन, तीन."

"आणि मागनं?"

"दहा. पंधरा. शेवटी शेवटी मूठभर."

त्यांनी मान हलवली, हिशेब जुळावा तशी. "त्या कोकण्याच्या म्हैन्यात?"

"चौदा-पंधरा, आत्ती."

"शेवटच्या दिवशी?"

मी जाऊन त्यांच्या पायांशी बसले. तेवढं एक लपवता आलं असतं मला. पण आता लपवायला अंगात बळच राहिलं नव्हतं.

"त्या दिवशी एक माझ्या मुठीत होता. त्याच्या ताटात टाकायला म्हणून घेतला होता. तुम्ही मागं येऊन उभ्या राहिलात. माझ्यानं टाकवला नाही."

आत्तींचा चेहरा माझ्याच दिशेला होता, पण डोळे माझ्या डोक्यावरून पलीकडं, भिंतीवर कुठेतरी लागले होते.

"एक टाकायचा होतास गं," त्या म्हणाल्या. "बोलले असते तुला. चार दिवस तोंड फिरवून बसले असते. आणि गेले असते दवाखान्यात. शब्द दिलता त्याला."

मी त्यांचे पाय धरले आणि ओरडून रडले. तानूबाई भिंतीवरून डोकावून गेली. आत्तींनी मला उठवलं नाही, ढकललंही नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ते रोप दे हिकडं." मी दिलं. त्यांनी तळव्यावरचे सगळे खडे पुन्हा कुंडीत सोडले, वर रोप लावलं, बोटांनी माती दाबली आणि माझ्याकडं पाण्यासाठी हात केला.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. बसवराजला म्हणाल्या, पोट जड आहे.

सकाळी मी स्वयंपाकघरात दिवसाचे तांदूळ ताटात घेतले होते. भिंतीला हात लावत लावत आत्ती आत आल्या. मी उठायला लागले, तर "बस" म्हणाल्या. चाचपत खुंटीपर्यंत गेल्या. सूप काढलं. त्याच्यावर धूळ साठली होती, ती पदरानं पुसली, कडेनं बोट फिरवून कुठं उसवलंय का बघितलं. मग वळल्या आणि दोन्ही हातांनी ते पुढं धरलं.

"घे."

मी उभी राहिले. माझा हात पुढं होईना.

"घे म्हणते ना. मी जित्ती असताना देते," त्या म्हणाल्या. "मागायला हवं होतंस, मालन."

सूप त्यांनी माझ्याकडं धरलं नव्हतं. मी उभी होते तिथून हातभर डावीकडं, मोकळ्या जागेपुढं धरलं होतं. मी पाय न वाजवता सरकले, त्या जागी जाऊन उभी राहिले आणि ते घेतलं.